घरची मॅच, उसन्या मैदानावर

आयर्लंडमध्ये, लेटरकेनीला माझ्याबरोबर एक सुदानी डॉक्टर काम करतो. त्याच्या शहरात युद्ध पेटलं, तेव्हापासून त्याच्या लाडक्या फुटबॉल क्लबला स्वतःचं मैदान उरलेलं नाही. आफ्रिकेच्या चॅम्पियन्स लीगमध्ये तो क्लब अजून खेळतो, पण ‘घरच्या’ मॅचेस परक्या देशात, उसन्या मैदानावर. कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉल टीमवरून माणसं हातघाईवर येताना बघत मी वाढले. मला हे ऐकूनच कसंतरी झालं.

त्या शनिवारी जिंकले तर क्लब पुढच्या फेरीत जाणार होता, नाहीतर खेळ संपला. “बातम्यांत आमच्या देशाचं नाव मेलेल्यांच्या आकड्यासोबत येतं,” तो मला म्हणाला. “मॅच असली की निदान स्कोअरसोबत येतं.” फोनच्या एवढ्याशा पडद्यावर नाही, चार लोकांत बसून ओरडत बघायची होती त्याला ती मॅच. एवढंच मागणं होतं.

इथलं आपलं मराठी मंडळ ज्या हॉलमध्ये दिवसदिवस क्रिकेट बघतं, तोच हॉल मागायचं मी ठरवलं. आधी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, कुणी येतंय का. एका गृहस्थांचं उत्तर आलं, “अरबांचं फुटबॉल? पैसे ओतून म्हातारे स्टार विकत घेतात ते? चिल मार यार!” माझ्या डोक्यात तिडीक गेली. आखातातल्या चार श्रीमंत क्लबांवरून कैरो, ट्यूनिस, कासाब्लांका, सुदान सगळे एकाच पोत्यात कोंबायचे! इंग्रजांच्या अमदानीपासून चालत आलेले क्लब आहेत यांच्यात. आणि ‘इंडियन म्हणजे आयटीवाला’ असं कुणी म्हटलं की हेच गृहस्थ सगळ्यात आधी दुखावतात. मी काहीतरी खरमरीत लिहिलं, त्यावर कुणीतरी हात जोडलेला इमोजी टाकला आणि विषय मिटला.

हॉल सांभाळणाऱ्या आयरिश माणसाला मी प्रत्यक्ष भेटून म्हटलं, “शनिवारी दुपारी मॅच लावू का इथे? लॅपटॉप, केबल मी घेऊन येते.” तो गोड हसला. “आह, यू आर ग्रँड.” ग्रँड! मी तिथूनच डॉक्टरला फोन केला, ठरलं म्हणून. शनिवारी त्याचे दोन मित्र लांबून गाडी हाकत आले.

हॉलमध्ये बिंगोची टेबलं मांडलेली होती.

“पण तुम्ही तर हो म्हणालात!” मी म्हटलं.

“नाही बुवा. यू आर ग्रँड म्हणालो. म्हणजे राहू दे, नको.” मग त्याने विचारलं, “आज कुठली चॅम्पियन्स लीग?”

“आफ्रिकेची.”

“ओह, ती.”

त्या ‘ती’ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘नको’ म्हणायलासुद्धा यांना धड एक शब्द नाही. आणि खरी मॅच कुठली, हे मात्र हे ठरवणार! डॉक्टर मला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. वर तोच माझी समजूत काढत होता, याचा मला आणखी राग आला.

शेवटी सगळे आमच्या घरी. कोल्हापूरहून आलेले माझे बाबा सोफ्यावर पेंगत होते. टीव्हीला लॅपटॉप जोडला, अरबी कॉमेंट्री सुरू झाली आणि बाबा ताठ बसले.

“घरची म्याच म्हंतीस न्हवं?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. “मग ग्राऊंड असं मोकळं का गं? मान्सं कुठायत यांची?”

बाबांचा प्रश्न मी डॉक्टरला इंग्रजीत सांगितला. डॉक्टर पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, “त्यांना सांग, आमची माणसं अशीच कुणाकुणाच्या घरी बसली आहेत.”

मी ते मराठीत सांगितलं. पुढचा कॉर्नर मिळाला तेव्हा बाबा उठून उभे राहिले आणि पेठेत ओरडतात तसे, गळ्याच्या शिरा ताणून ओरडले. तिघे सुदानी आधी दचकले, मग तेही उभे राहिले. गुडघेदुखीचा माणूस, मॅच संपेपर्यंत खाली बसला नाही.

तरी हरले. अगदी शेवटी एक गोल खाऊन. कॉमेंटेटर पुढच्या फेरीतली नावं सांगू लागला, त्यात यांचं नव्हतं. मित्र गाडी काढायला गेले. डॉक्टर सोफ्याच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

“जेवून जा,” मी म्हटलं.

“आय ॲम ग्रँड,” तो म्हणाला.

या वेळी ते ‘नको’ मला बरोबर कळलं. तरी मी ताट वाढून त्याच्या हातात दिलं. बाबा त्याच्या शेजारी सरकून बसले आणि त्याने पहिला घास घेईपर्यंत टीव्ही कुणी बंद केला नाही.