आमच्या हॉलमधली अमेरिकेची निवडणूक

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या एका निवडणुकीत मी दोन्ही पक्षांचा खंदा कार्यकर्ता होतो. मला तिथे मत नव्हतं, अमेरिका मी पाहिलेली नव्हती (अजूनही पाहिलेली नाही), आणि माझं सगळं आयुष्य तेव्हा बहारीनमध्ये, मनामातल्या एका बँकेच्या अकाउंट्स खात्यात चाललं होतं. पण हाडाच्या कार्यकर्त्याला असल्या किरकोळ गोष्टी आड येत नाहीत.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. आमचे मॅनेजर टकर साहेब अमेरिकन. अंगापिंडानं धिप्पाड, आणि आवाज असा की केबिनचं दार लावून त्यांनी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं तरी खालचा वॉचमन उत्तर द्यायचा. एक दिवस लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. साहेबांनी विचारलं, “मोघे, या वेळीही आमचाच माणूस निवडून येणार. तुला काय वाटतं?”

लिफ्टमध्ये साहेबाला ‘नाही’ म्हणणारा अकाउंटंट अजून जन्माला यायचाय. मी म्हणालो, “शंभर टक्के, सर!”

साहेब इतके खूश झाले की त्यांनी खिशातून एक बिल्ला काढून माझ्या शर्टाला टोचला. बिल्ल्यावर हत्ती. (हत्ती हे त्यांच्या पक्षाचं चिन्ह, हे मला मागाहून कळलं. मला वाटलं, साहेबांना कुणीतरी आपल्या गणपतीबद्दल सांगितलं असावं.)

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बँकेची सहल झल्लाकच्या किनाऱ्यावर गेली. तिथे मिसेस टकर माझ्या शेजारी येऊन बसल्या. बाई चणीनं बारीक, पण त्या बोलू लागल्या की टकर साहेब समुद्राकडे बघत बसायचे. आमच्या खात्यात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं : बँकेत साहेबांचं चालतं, जनाबियातल्या त्यांच्या व्हिलात मिसेस टकरांचं चालतं, आणि जनाबियात रात्री जे ठरतं तेच सकाळी बँकेत लागू होतं.

“मिस्टर मोघे,” त्या म्हणाल्या, “यंदा आमच्या पक्षानं पहिल्यांदाच एका बाईला उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिलीय. तुम्ही आमच्याच बाजूचे ना?”

माझ्या तोंडात काकडीचं सँडविच होतं. मी मान हलवली. आता आपली भारतीय मान! ती हो म्हणतेय की नाही, हे तिच्या मालकालाही नक्की सांगता येत नाही. बाईंनी ‘हो’ धरलं आणि पर्समधून दुसरा बिल्ला काढून माझ्या शर्टाला लावला. त्यावर गाढव. तेही पक्षाचंच चिन्ह!

घरी आल्यावर सुनंदानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, तो बघितला.

“अहो, हे गाढव कुणी दिलं?”

“साहेबांच्या बायकोनं.”

“एका भेटीत ओळखलं हो बाईनं!”

दोन्ही बिल्ले सुनंदानं शिवणाच्या डब्यात टाकले आणि तिच्या त्या दिवसांतल्या एकमेव विषयाकडे वळली. “रजेचं काय झालं?”

डिसेंबरात गुहागरला तिच्या धाकट्या भावाचं, सुरेशचं लग्न होतं. त्याला द्यायला आम्ही एक टीव्ही आणि टेपा लावायचा एक व्हिडिओ घेऊन ठेवला होता. सीलबंद! गल्फमधल्या मराठी घरात तेव्हा गावी न्यायची खोकी नायलॉनच्या दोरीनं बांधून वर्षभर सांभाळायची पद्धत होती. आमचं टीव्हीचं खोकं इस्त्रीचं टेबल म्हणून उभं होतं आणि व्हिडिओ पलंगाखाली झोपला होता. सगळी तयारी झालेली, फक्त रजा नव्हती. डिसेंबर म्हणजे बँकेचं वर्षअखेरीचं क्लोजिंग. त्या महिन्यात रजा मागणं म्हणजे बोहल्यावर चढलेल्यानं जरा बाहेर जाऊन येतो म्हणण्यासारखं.

“साहेब विचार करतायत,” मी म्हणालो.

“दोन महिने?”

“मोठा माणूस आहे. सावकाश विचार करतो.”

(साहेबांना विचार करायचा तर आधी कुणीतरी साहेबांना विचारायला हवं होतं. ते तेवढं राहिलं होतं.)

अशात मिसेस टकरांच्या बहिणीनं अमेरिकेहून एक व्हिडिओ टेप पाठवली. दोन्ही पक्षांच्या उमेदवारांची उमेदवारी स्वीकारतानाची भाषणं आणि शिवाय दोघांचा टीव्हीवरचा समोरासमोर वादविवाद, असा भरगच्च ऐवज! पण अमेरिकेची टेप इकडच्या मशीनवर चालत नसे. साहेबांच्या व्हिलात नुसत्या आडव्या पट्ट्या दिसल्या आणि पट्ट्यांच्या मागून कुणीतरी बदकासारखं बोललं. दुसऱ्या दिवशी साहेब बँकेत चडफडत होते. “अख्ख्या बहारीनमध्ये एकाकडेही सगळ्या देशांच्या टेपा चालणारं मशीन नसावं?”

“माझ्याकडे आहे, सर!” कुणीतरी म्हणालं.

तो मीच होतो.

“वंडरफुल! मग शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतो.”

‘दोघं’ हा शब्द मी जागेवर परत आल्यावर माझ्या डोक्यात शिरला. हत्ती आणि गाढव, एकाच सोफ्यावर, आणि समोर मी!

त्या संध्याकाळी घरात जे झालं त्याला वादविवाद म्हणता येणार नाही, कारण त्यात एकच वक्ता होता.

“सुरेशचा टीव्ही फोडणार तुम्ही?”

“फोडत नाही गं, उघडतोय.”

“सील गेलं म्हणजे जुना झाला! माझ्या माहेरी काय सांगू? आधी अमेरिकेनं बघितला, मग तुम्हाला दिला?”

“अगं, साहेबांचा मूड चांगला झाला तर रजा मिळेल.”

ही मात्रा लागू पडली.  सुनंदा म्हणाली, “काय जेवायला घालायचं ते मी ठरवणार. आणि तुम्ही कमीत कमी बोलायचं.”

मग मी तिला दोन बिल्ल्यांची सगळी भानगड सांगितली. तिनं कपाळावर हात मारला. “म्हणजे तुम्ही दोन्हीकडून उभे?”

“उभा नाही. दोन्हीकडे बसलोय.”

शुक्रवारी सकाळपासून सुनंदानं लबन्याचं श्रीखंड, पुऱ्या, मसालेभात आणि बटाट्याच्या काचऱ्या असा बेत मांडला. (लबने म्हणजे तिकडचा तयार चक्का. रात्रभर फडकं टांगून ठेवायचे कष्ट वाचतात.) मी खोकी उघडून वायरी जोडत होतो. पहिल्यांदा चित्र आलं पण आवाज नाही. दुसऱ्यांदा आवाज आला पण चित्र नाही. तिसऱ्यांदा दोन्ही गेलं आणि फ्रिजही बंद पडला! शेवटी आमच्या नऊ वर्षांच्या मीनलनं माहितीपुस्तक वाचून सगळं जोडलं.

“बाबा, यू हॅड पुट द आऊट इन द आऊट,” ती म्हणाली. घरात आम्ही मराठी बोलायचो, ती इंग्रजीत उत्तरं द्यायची.

“मीनू, आज पाहुण्यांसमोर काही बोलायचं नाही हं.”

“व्हाय?”

“तू खरं बोलतेस म्हणून.”

बरोबर जेवणाच्या तोंडावर टकर दांपत्य आलं. आधी टेप आणि मग जेवण, असं मिसेस टकरांनी जाहीर केलं. मी बटण दाबलं आणि आमच्या छोट्याशा हॉलमध्ये हजारो अमेरिकन घुसले. झेंडे काय, फलक काय, टोप्या काय! गाढवपक्षाच्या उमेदवार बाई भाषणाला उभ्या राहिल्या. मिसेस टकरांनी कडकडून टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी टाळ्या वाजवल्या. टकर साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्याच टाळ्यांनी एक डास मारून दाखवला.

मग हत्तीपक्षाचे अध्यक्ष आले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी आणखी एक डास मारला. असे माझे पाचसहा डास झाले तेव्हा मिसेस टकर काळजीनं म्हणाल्या, “तुमच्या घरी डास फार आहेत.”

“नो मॉस्किटो इन माय हाऊस!” दारातून सुनंदाचा आवाज आला. तिच्या घराच्या स्वच्छतेवर बोट ठेवलेलं तिला खपत नसे. मला तोंड लपवायला स्वयंपाकघर उरलं. तेव्हापासून मी पाणी, खारे दाणे, पुन्हा पाणी असं करत आत-बाहेर पळू लागलो आणि बोळात उभा राहून टाळ्या वाजवू लागलो. तिथून त्या कुणासाठी आहेत ते कळत नव्हतं.

वादविवाद सुरू झाला आणि प्रकरण चिघळलं. टीव्हीवरचे दोन उमेदवार आपापल्या उंच टेबलांमागे उभे राहून, एकमेकांचं ऐकून घेऊन, वेळ संपली की गप्प बसत होते. सोफ्यावरच्या दोघांना तसले नियम नव्हते.

“हा माणूस कर वाढवणार!”

“आणि तुमचा माणूस उत्तर विसरलाय!”

“तो विचार करतोय!”

“गेली चार वर्षं?”

शेवटी मिसेस टकर गर्रकन माझ्याकडे वळल्या. “मिस्टर मोघे, तुम्हीच सांगा याला. तुम्ही आमच्या बाजूचे आहात.”

“कोण, मोघे?” साहेब गरजले. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. “मोघे माझा माणूस आहे!”

“माझा आहे! मी स्वतः बिल्ला लावलाय त्याला!”

“मी लावलाय!”

हातात खाऱ्या दाण्यांची बशी घेऊन मी खोलीच्या मधोमध उभा. मी मान हलवली. या वेळी ती गोल फिरली.

तेवढ्यात मीनलनं तोंड उघडलं. “ही हॅज बोथ! लुक, दे आर ऑन द कर्टन!”

दुपारचं ऊन टीव्हीच्या काचेवर येत होतं. पडद्याच्या मधली फट बुजवायला सुनंदाला घाईत टाचणी सापडली नाही, म्हणून तिनं शिवणाच्या डब्यातून हाताला लागेल ते घेतलं होतं. पडद्यावर, एकाखाली एक, हत्ती आणि गाढव गुण्यागोविंदानं झुलत होते.

टीव्हीतले लोक टाळ्या वाजवत होते. 

“मोघे,” साहेब सावकाश म्हणाले, “दोन मिनिटं देतो. तुझी बाजू मांड.”

मी बशी खाली ठेवली. घसा साफ केला. “लेडीज अँड जंटलमन,” मी म्हणालो. पुढे काय म्हणावं ते आजतागायत मला सुचलेलं नाही. मला नोकरी दिसत नव्हती, रजा दिसत नव्हती, फक्त गुहागरच्या मांडवात माझ्याशिवाय चाललेली पंगत दिसत होती.

आणि सुनंदा पुढे झाली. पदर खोचलेला, हातात झारा. तिनं आधी व्हिडिओ बंद केला. मग टकर पतिपत्नीसमोर उभी राहिली. ती मराठी घेऊन बी.ए. झालेली. इंग्रजी कळायचं सगळं, बोलायची मोजकं.

“ही नो एलिफंट. ही नो डाँकी,” ती म्हणाली. “इन धिस हाऊस, नो इलेक्शन. आय ॲम...” ती माझ्याकडे वळली. “अहो, बिनविरोधला काय म्हणतात?”

“अनअपोज्ड,” मी म्हणालो.

“आय ॲम अनअपोज्ड!”

 मग मिसेस टकर उठून उभ्या राहिल्या आणि मघाच्या हजारो अमेरिकनांच्या वरताण टाळ्या वाजवू लागल्या. साहेब असे हसले की खालचं कुत्रं घाबरून गप्पच झालं. “स्पीच! स्पीच!” मिसेस टकर ओरडल्या. “उमेदवारी स्वीकारल्याचं भाषण पाहिजे! तुमच्या भाषेत करा, मिस्टर मोघे भाषांतर करतील.”

सुनंदानं संधी सोडली नाही. “माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,” तिनं सुरुवात केली. “हा माणूस कामाला चोख आहे. पण कुणी काही विचारलं की याची मान आधी हलते आणि डोकं मागून चालतं.”

“माझी पत्नी म्हणते,” मी म्हणालो, “मी चोख काम करतो आणि दूरवरचा विचार करतो.”

“दॅट्स नॉट व्हॉट शी सेड!” मीनल म्हणाली, आणि तिनं शब्दन् शब्द सांगितला. तिथून पुढचं भाषांतर माझ्या हातून गेलं.

“माझ्या भावाचं डिसेंबरात लग्न आहे,” सुनंदा म्हणाली आणि तिनं झारा टकर साहेबांवर रोखला. “माझा प्रश्न यांना आहे. दोन महिने झाले, हे रजेचा विचार करतायत. आणखी किती विचार करणार?”

मीनलनं भाषांतर केलं. साहेबांनी भुवया वर चढवल्या. “कसली रजा? मला कुणी विचारलंच नाही!”

आता तिन्ही बायका माझ्याकडे बघत होत्या. (मीनल नऊ वर्षांची होती, पण त्या दिवशी तिची गणना त्यांच्यातच.)

“बघा!” सुनंदा एवढंच म्हणाली. झारा वळून माझ्याकडे आला.

“डिसेंबरात क्लोजिंग असतं,” साहेबांनी सुरुवात केली.

“वॉल्टर,” मिसेस टकर म्हणाल्या. फक्त नाव. समोर झारा, शेजारी बायको, आणि स्वयंपाकघरातून येणारा मसालेभाताचा वास. अमेरिकेचा अध्यक्षही टिकला नसता.

“तीन आठवडे!” साहेबांनी हात वर केले. “खलास! ॲप्रूव्ह्ड!” बहारीनमध्ये राहून ते जे काही अरबी शिकले होते त्यात ‘खलास’ मुख्य.

त्या दिवशी साहेबांनी पुऱ्या किती खाल्ल्या ते सुनंदानं मोजू दिलं नाही. मिसेस टकरांनी श्रीखंडाची वाटी तीनदा पुढे केली. टेप अर्धीच राहिली, आणि ती पुरी बघायची आठवण कुणालाही झाली नाही. आम्ही डिसेंबरात गुहागरला गेलो, लग्न झोकात झालं, आणि टीव्हीचं सील फुटल्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. कारण तो अमेरिकन मॅनेजरला नमवणारा टीव्ही आहे, असं सुनंदानं मांडवात पोचायच्या आधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. बायका तिच्याभोवती घोळका करून ऐकत होत्या. मी तिची पर्स धरून मागे उभा होतो आणि फोटोग्राफर मला बाजूला व्हायला सांगत होता.

अमेरिकेत अध्यक्षाच्या बायकोला ‘फर्स्ट लेडी’ म्हणतात. उद्या तिथे एखादी बाई अध्यक्ष झाली तर तिच्या नवऱ्याला काय म्हणायचं, त्यानं कुठे उभं राहायचं आणि हातात काय धरायचं, याची त्यांना बहुतेक काही कल्पना नसावी. अडचण आली तर त्यांनी मला खुशाल बोलवावं. अनुभव दांडगा आहे, आणि या वेळी रजेसाठी बायकोला पाठवणार आहे.