कावळ्याला दिलेला शब्द

शेवटच्या भेटीत वासुदेव दवाखान्याच्या खाटेवर पडून होता, पण जिवाची चौकशी नाही, काही नाही. "प्रकाशकाचा निरोप आला काय गा?" मी नाही म्हटलं. "येईल," म्हणाला. दुसऱ्या दिवशी सदर भागातल्या माझ्या सुतारकामाच्या दुकानात निरोप आला, तो वासुदेवच गेल्याचा...

रेल्वेच्या मालधक्क्यावर त्याने जन्मभर कारकुनी केली आणि जन्मभर एकच घोकलं, रिटायर झालो की कादंबरी लिहीन. झाला, आणि खरंच बसला. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकायला सागाची फळी मी करून दिली. तिच्यावर सकाळी लिहायचा, संध्याकाळी मला वाचून दाखवायचा. मी तिसरी शिकलेला, पण माझ्याशिवाय ऐकणारं होतं कोण? रेल्वे फाटकाच्या चौकीदाराच्या बायकोची ती गोष्ट. नवरा मरतो, आणि शेवटी वासुदेवानं तिला विहिरीत ढकललेलं.

"मारतो काहून गा तिले?"

"मंग काय करू? कादंबरी आहे ना."

"असू दे. तिलेच लावू दे फाटक."

रागानं कागद गुंडाळून उठून गेला. आठ दिवसांनी शेवट बदलून आला. बाई जगली, हिरवी झेंडी धरून फाटकावर उभी राहिली.

सीताबर्डीचा तो प्रकाशक दर खेपेला "पुढच्या दिवाळीत काढू" म्हणायचा आणि हा दर खेपेला मानायचा. त्या गोड बोलण्याची मला शिसारी यायची.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. घरच्यांनी आईला सांभाळू म्हटलं, नातवाची मुंज करू म्हटलं... फांदीवरून नुसता पाहे. ऊन चढलं, लोक चुळबुळ करू लागले. तेव्हा मुलगा सुधाकर हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "बाबा, तुमची कादंबरी छापतो!" कावळा लगेच उतरला. बायांनी डोळे पुसले. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं काहून बोलू?

पुढे काही हालचाल दिसेना म्हणून घरी जाऊन विचारलं, तर सुधाकर हसला. "काका, ते तं कावळ्यासाठी म्हटलं होतं. उन्हात किती वेळ उभं राहायचं?" कागद माळ्यावर फेकलेले. फळीवर सूनबाई पापड लाटून राहिली होती. थू! जिवंतपणी प्रकाशकानं फसवलं, मेल्यावर पोरानं. आणि वासुदेवही असा, की कावळा झाला तरी स्वभाव गेला नाही. शब्द दिला की उतरला खाली.

फळी मी तिथूनच उचलून आणली. पीठ पुसलं, शाईचा डाग राहू दिला. मासिक श्राद्धाला सुधाकर जेवायला बोलवायला आला.

"कादंबरी छाप, मंग शिवतो तुझ्या पानाले."

"काका, हा काय हट्ट?"

"मी तुझा बाप नाही, नुसत्या शब्दावर उतरायले."

तोंड वाकडं करून गेला. फाटकवाली अजून माळ्यावर झेंडी धरून उभी आहे. हे मी त्याच फळीवर लिहून पेपरात छापायला दिलं आहे. सुधाकरच्या घरी हाच पेपर येतो, मला माहीत आहे.