झाडवाले सरांचं अर्धं भाषण

आमच्या ह्यांना पालघरात सगळे 'झाडवाले सर' म्हणतात. पूर्वी ऐकून बरं वाटायचं. आता कोणी तशी हाक मारली की मीच मान खाली घालते.

ह्यांचं नाव रामनाथ. माकुणसारला घरची पानवेलींची वाडी, तिथेच वाढले. पानवाडीत चपला घालून जायचं नाही, ही रीत. लहानपणी ह्यांनी वडिलांना विचारलं, का? वडील म्हणाले, "वेलीला कळतं." झालं. काय कळतं, कसं कळतं, ह्यातच उभा जन्म गेला. सासऱ्यांना वाटलं होतं पोरगा शेतकी शिकेल, ह्यांनी तत्त्वज्ञान घेतलं. मग इथल्या कॉलेजात नोकरी, डॉक्टरेट, झाडांच्या जगण्यावर दोन पुस्तकं, पार बर्लिनपर्यंत व्याख्यानं. झाडाला जीभ नाही, म्हणून ज्याला आहे त्याने त्याच्या वतीने बोलावं, हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. मी ते झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

पण ह्यांची एक खोड आहे. हे तिला शिस्त म्हणतात. आधी समोरच्याची बाजू मांडायची, त्याला स्वतःला जमणार नाही इतकी चांगली, आणि मग ती खोडून काढायची. जुन्या शास्त्रकारांची पद्धत म्हणे, पूर्वपक्ष. घरीही तेच. डाळ करू की कढी विचारलं, तर आधी डाळीचे गुण ऐकायचे, आणि माणसाला हवी असते कढी. मी कितीदा तरी अर्धं ऐकून डाळ शिजत घातलीय.

गेल्या वर्षी नवसी आली. उमरोळीजवळच्या पाड्यावरची, आमच्याकडे रानभाजी घेऊन येते. त्यांच्या पाड्यावरची जुनी चिंच रस्ता रुंद करताना जाणार होती. मुळासकट उपटून तळ्याकाठी लावू, असं ठेकेदार म्हणत होता. त्या चिंचेच्या बुंध्याशी त्यांचा देव.

"सर, ग्रामसभेत आमचा कोन ऐकत नाय," नवसी म्हणाली. "तुमी झाडांचा बोलता. आमचे चिंचेचा बोला."

"बोलतो," हे म्हणाले. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

ग्रामसभेला मीही गेले. हे उभे राहिले आणि सवयीने आधी ठेकेदाराची बाजू मांडायला लागले. झाड म्हणजे जागा नव्हे, झाड म्हणजे वाढणं. माणसं नाही का गाव सोडतात, दुसरीकडे संसार मांडतात? मग झाडाला एकाच मातीत का बांधून ठेवायचं? असं सुरेख बोलले की ठेकेदाराच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मग पाणी प्यायला थांबले. इथेच घोड्याने पेंड खाल्ली. सरपंच टाळ्या वाजवत उठले, "सरांसारखा माणूसच सांगतोय म्हटल्यावर आता काय राहिलं?" म्हणाले आणि माइक हातात घेऊन आभार मानू लागले.

मी ह्यांना कोपर मारलं. "अहो, बोला ना पुढचं."

"आभार चाललेत," हे कुजबुजले. "मध्येच कसं बोलू?"

आभार संपले तेव्हा लोक चहाकडे वळले होते. ठराव झाला. मागे बसलेल्या नवसीने ह्यांच्याकडे पाहिलं आणि पदर सावरून निघून गेली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी पंचायतीला भलंमोठं पत्र दिलं. बैल गेला नि झोपा केला. चिंच उपटली, फांद्या छाटून तळ्याकाठी नेऊन उभी केली. चैत्रात तिला पालवी फुटली नाही. तेव्हापासून हे कुठे व्याख्यानाला जात नाहीत. बोइसरला जायचं झालं तर तळ्यावरून जात नाहीत, लांबचा रस्ता घेतात. मी रागावते, भांडते, पण ह्यांचा चेहरा बघितला की उठून चहा टाकते.

नवसी वर्षभर आली नाही. परवा आली, शेवळांची रानभाजी घेऊन. हे ओटीवर होते, उठून आत पळायला निघाले.

"सर, बसा," ती म्हणाली. "तवा तुमचा बोलना अर्धा ऱ्हायला, आसा बाय बोलली मना बाजारात. ऱ्हायलेला सांगा."

मीच सांगितलं होतं तिला. ह्यांना कोणी ठेकेदाराचा माणूस समजावं, हे मला सहन होत नव्हतं.

हे बसले आणि बोलले. सावलीखालचा देव, तिथे लागलेली लग्नं, खोल गेलेलं मूळ, चिंचेला तिच्या मातीची असलेली ओळख. झाड हलवता येतं म्हणणाऱ्याचा एकेक मुद्दा खोडला. ह्यांचं इतकं चांगलं भाषण मी जन्मात ऐकलं नव्हतं. ऐकायला आम्ही दोघी.

नवसीने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. शेवळं सुपात ओतली.

"आसा होता होय," ती म्हणाली. "मंग ह्याच पयला का नाय बोलला?"

ह्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. मी शेवळं उचलून आत गेले.