डाव्या टोकाचा खटका

भाच्याने नवी गाडी घेतली आणि एका संध्याकाळी मला कागलपर्यंत फिरवून आणलं. त्या गाडीचे दिवे आपोआप खाली-वर होतात. समोरून कोणी आलं की झोत खाली येतो, ते वाहन मागे पडलं की जरा थांबून पुन्हा वर चढतो. पुढे चाललेल्या गाडीची लाल बत्ती दिसली तरी तो खाली येतो. वस्तीतल्या खांबांच्या उजेडात तर वर जायचं नावच घेत नाही. एकदा रस्त्याकडेची चकाकती पाटी बघून तो उगीचच दबकला. एक बिनदिव्याचा सायकलवाला आला, तो मात्र त्याला दिसलाच नाही. बिचाऱ्याच्या तोंडावर सगळा झोत गेला आणि माझा हात आपसूक डॅशबोर्डखाली गेला.

"आत्या, काही पडलं का?"

"नाही रे," मी म्हटलं.

मी खटका शोधत होते.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शाहूपुरीत पंपांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि दाराशी एक जुनी मोटार होती. तेव्हाच्या अशा मोटारींना डिपरचं, म्हणजे झोत खाली घ्यायचं, बटण पायाशी असे. समोरून वाहन आलं की डाव्या पायाने ते दाबायचं. आमचं बटण एका पावसाळ्यात गंजून बसलं. मिस्त्रीने तात्पुरता म्हणून घरातल्या दिव्याचा काळा खटका डॅशबोर्डखाली पार डाव्या टोकाला बसवून दिला, कारण वायर तिथूनच आत येत होती. आमच्या घरात तात्पुरतं केलेलं काम पुढे कधी नीट केल्याचं मला आठवत नाही. अण्णांचा हात तिथवर पोचायचा नाही. आईला विजेची भीती. म्हणून अंधार पडला की पुढच्या सीटवर डावीकडे मी बसायची, आणि अण्णांच्या गाडीचा डिपर म्हणजे मी.

मला ते काम आवडे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. शाळेत माझ्या मराठीला हसत आणि घरी माझ्या इंग्रजीला, त्यामुळे दोन्हीकडे मी कमीच बोलत असे. इथे बोलावं लागत नव्हतं, नुसतं बघायचं होतं. चढाच्या पलीकडून कोणी येत असलं तर त्याच्याआधी त्याचा उजेड वर आभाळात दिसतो. वळणावर झाडांची खोडं पांढरी व्हायला लागली की खटक्यावर बोट न्यायचं. उसाच्या बैलगाडीला दिवा नसतो, तिच्या खाली कंदील हेलकावत असतो. तो दिसला की बैलांसाठी झोत खाली घ्यायचा.

मामांना हे पटत नसे. "आदी आपन का? त्यानं मारू दे की डिपर! तो कोन लागून गेलाय?" असं ते मागून ओरडत. रस्त्यावर जो आधी दिवा खाली करतो तो नमला, असं त्यांचं मत. आमच्याकडच्या बऱ्याच पुरुषांचं तेच मत होतं. मी तोवर खटका पाडलेला असे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मामांनी माझ्यासाठी नेसरीचं स्थळ आणलं. मुलगा पदवीधर, घरचा ऊस, दारात जीप, बोलणं मऊ. आमच्या घरी येऊन ते मला पसंत करून गेले. मला ते स्थळ नको होतं, पण का नको हे मला सांगता येईना. मुलीने नको म्हणायचं तर त्याला कारण लागे, आणि कारणही मोठ्यांना पटेल असं. मामा रोज विचारत, "खोट काय हाय सांग की! एक खोट दाखव, मी सोयरीक मोडतो." मला एकही दाखवता येत नव्हती. आता आपल्या बाजूने घर बघून यायचं आणि दुसऱ्या दिवशी होकार कळवायचा, एवढंच राहिलं होतं.

घर बघायला मुलगी जात नाही. अण्णांनी मला गाडीत बस म्हटलं तेव्हा मामा भडकले.

"पोरगी घिऊन घर बघायला जात्यात व्हय कुठं, दाजी? लोकं हसतील की!"

"मग येताना डिपर तुम्ही मारणार काय, पावणं? मागल्या बारीला निपाणीपास्नं घोरत आलासा."

मामा मागे आईशेजारी जाऊन बसले आणि मीही निघाले.

घर चांगलं होतं. मी आत बायकांमध्ये बसले, खाली बघत चहा प्याले. बायका एकमेकींकडे बघत होत्या, पण वाईट कोणीच वागलं नाही. निघेपर्यंत दिवस मावळला. पाहुण्यांना शिवेपर्यंत पोचवायची रीत; पण गडहिंग्लजपर्यंतचा रस्ता खराब, म्हणून मुलगा स्वतः जीप घेऊन पुढे निघाला. आम्ही मागे. त्याच्या आरशात उजेड जाऊ नये म्हणून मी आमचा झोत खालीच ठेवला. त्यामुळे पुढचं सगळं त्याच्याच उजेडात दिसत होतं.

एक सायकलवाला समोरून आला. जीपचा दिवा खाली झाला नाही. त्याने एक हात डोळ्यांवर धरला आणि सायकल चरात घातली. पुढे डोक्यावर भारा घेतलेली एक बाई बाभळीच्या काट्यात सरकली. मला वाटलं, त्याच्याही गाडीचं बटण अडकलं असेल. मग समोरून एक ट्रक आला आणि जीपचा दिवा चटकन खाली गेला. ट्रक गेला तसा पुन्हा वर. त्यानंतर उसाच्या गाड्यांची रांग लागली. दिवा वरच राहिला. पहिल्या गाडीचे बैल जागीच थांबले, मान फिरवायला लागले. गाडीवान उडी मारून खाली उतरला आणि त्याने आपल्या पटक्याचं टोक बैलाच्या डोळ्यांवर धरलं. जीप हॉर्न वाजवत गेली.

अण्णांनी वेग कमी केला.

गडहिंग्लजला जीप थांबली. मुलगा उतरून खिडकीशी आला, अण्णांना वाकून नमस्कार केला, सावकाश जावा म्हणाला, आणि परत गेला. आम्ही निपाणीच्या रस्त्याला लागलो.

"बघा दाजी, किती रीत हाय पोराला," मामा म्हणाले. "काय गं पोरी? उद्या कळवू न्हवं होकार?"

अंधारात माझा चेहरा कोणाला दिसत नव्हता, म्हणून मला बोलता आलं.

"मामा, तुम्ही एक खोट दाखव म्हणाला होता. त्यानं डिपर मारला नाही."

"आँ?"

"ट्रकला मारला. बाकी कुणाला नाही."

मामांना आधी कळेचना. कळलं तेव्हा ते सीटवर पुढे सरकले. "दिव्यापायी? अगं शानी हाईस का न्हाईस? जीपवाला सायकलला डिपर मारत बसंल व्हय? मी तरी कुठं मारतो?"

"म्हणून तर तुमच्या बायकोला विचारलं पायजे, कसं दिस काढतीया ते," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, रस्त्यावरची नजर न काढता, म्हणाले, "मला बी दिसलं, पावणं. बैलं दिसली."

"त्या बाईच्या डोक्यावर भारा हुता," आई मागून हळूच म्हणाली. "पडली असती काट्यात."

मी एकटीच बघतेय असं मला वाटत होतं, आणि तिघांनी बघितलं होतं. मामा आता एकटे पडले होते.

"अवो पर लोकांना काय सांगू मी? डिपर मारला न्हाय म्हणून पोरगा नापसंत?"

"सांगा, पोरीला उजेड सोसत न्हाय," अण्णा म्हणाले.

आई हसली. पदर तोंडाला लावून हसली, पण थांबेना. मग मलाही हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी मी घरच्यांसमोर मोठ्याने हसत होते. मामा बराच वेळ फुरंगटून बसले. कागल जवळ आलं तेव्हा समोरच्या चढामागे आभाळ उजळायला लागलं, आणि पुन्हा हसू आलं त्या नादात माझं बोट खटक्यावर जायला उशीर झाला.

"मार की गं डिपर," मामा मागून खेकसले. "झोपलीस काय? न्हाईतर त्यो पन आपल्याला नापसंत करंल."

मी खटका पाडला. समोरच्यानेही लगेच पाडला.