उसनं नेलेलं मुंगूस

माझी आई साळूबाई कुणाचंही भांडं रिकामं परत करायची नाही. शेजारच्या सगुणाबाईच्या वाटीतून चिमूटभर हळद आली, तरी वाटी परत जाताना तिच्यात मूठभर डाळ असायचीच. एकदा सगुणाबाईनं आमची वाटी रिकामी पाठवली, तर आई कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलली नाही. अशी बाई. गाव तिला हसायचं आणि घाबरायचंही. मला धरून.

१९७४ साली मी सातवी पास झाले. अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात शाळा तिथंच संपायची. आठवी दोन कोसांवर, शेजारच्या गावात. मला जायचं होतं. जेवण गोड लागेना, इतकं जायचं होतं. वडील म्हणाले, "तुझ्या मायला विचार." ते प्रत्येक गोष्टीला हेच म्हणत, आणि सुखी होते.

आई म्हणाली, न्हाई. चालण्याचं तिला काही नव्हतं, बाजाराला ती स्वतः तेवढं चालायची. तिचा राग इंग्रजीवर. आठवीपासून खरी इंग्रजी सुरू होते, असं तिच्या कानावर आलं होतं.

"परक्याची भाषा ती. त्यांच्याशी आपलं ना जाणं, ना येणं. कशापायी शिकायची?"

मे महिन्यात एका सकाळी आम्ही दोघी रानात कापसाच्या पऱ्हाट्या उपटत होतो. संपत गुरुजी, माझे सातवीचे मास्तर, सायकल बांधाला टेकवून आले. माझ्यासाठी रदबदली करायला ते याआधीही येऊन गेले होते. आईनं त्यांना पाणी दिलं, गूळ दिला आणि नकारही दिला.

तेवढ्यात बांधावरून मुंगूस निघालं. मुंगसाचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो, म्हणून आमच्याकडे त्याला शपथ घालून थांबवतात. आईनं पदर खोचला आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशी रामाची शपथ घातली. मुंगूस थांबलं, मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि बोरीत शिरलं. आई टाळ्या पिटत हसली.

गुरुजींनी संधी साधली. "साळूबाई, इंग्रजीत याला काय म्हणतात, ठाव हाय? मंगूस."

"चेष्टा करून राह्यले का, गुर्जी?"

"बिलकुल न्हाई. त्यांच्या मुलखात हे जनावरच नव्हतं. इकडं आल्यावर दिसलं, आपल्या लोकांच्या तोंडून नाव ऐकलं, तेच घेऊन गेले. मराठीतून आलं म्हणून डिक्शनरीतबी लिवलंय."

मला शहाणपण सुचलं. "पण गुर्जी, गूस म्हंजी तर हंस."

"हंसाचं यात काही न्हाई. शेवटाला तसं ऐकू येतं, एवढंच."

आईचं हसू थांबलं. हात कमरेवर गेले. तिचे हात कमरेवर गेले की कुणाची खैर नसायची.

"नाव नेलं?"

"नेलं."

"कधी?"

"झाले असतील अडीच-तीनशे वर्सं."

"आन् बदल्यात काय दिलं?"

गुरुजी गडबडले. "बदल्यात... काही न्हाई."

"म्हंजी भांडं रिकामंच!" आई अशी तापली, की जणू समोर सगुणाबाईच उभी आहे. "आपलं नेऊन गप बसले? काय बाई तरी!"

ती माझ्याकडे वळली.

"तू आठवीला जा. त्यांचे जेवढे शब्द मिळतील तेवढे घरी आण. एकबी सोडू नको."

गुरुजी इतक्या घाईनं सायकलवर बसले, की गुळाचा खडा तसाच राहिला. आईचं मन फिरायच्या आत त्यांना निघायचं होतं. मी रानात नाचले. पायाला काटे टोचत होते, म्हटलं खुशाल टोचा.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी नावं लिहून घेतली, बसायच्या जागा ठरल्या, इंग्रजीचा तास झालाच नाही. येताना मी मुद्दाम हळूहळू चालले. मला घरी बसवायला आईला एवढं निमित्त पुरलं असतं. ती दारात ज्वारी पाखडत होती.

"काय आणलंस?"

"काही न्हाई, माय. आज शिकवलंच न्हाई."

तिनं सूप थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"बरं. मंग उद्या दोन आण."

उद्या! म्हणजे उद्याही शाळा. मी तिच्या गळ्यातच पडले. सुपातली ज्वारी अंगणभर झाली, आई शिव्या देत सुटली, आणि मी हसत सुटले.