मागच्याले दिसून राह्यलं का?

गेल्या मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी मोठ्या बाईंची शोकसभा झाली. खर्च अठराशे रुपये. हजर माणसं शंभराच्या आसपास: सात मंचावर, बारा सोफ्यांवर, बाकीची खुर्च्यांवर आणि सगळ्यात मागे सतरंजीवर. बाई स्वतः असत्या तर त्यांनी एवढंच विचारलं असतं, की सतरंजीवर कोण बसलंय. आणि उत्तराला न थांबता पदर खोचून तिथेच जाऊन बसल्या असत्या.

कुठल्याही खोलीत शिरलं की आधी शेवटच्या रांगेत जायचं, ही त्यांची खोड. तेलंगणात, इंद्रवेल्लीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात, मराठी शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. दुसऱ्या शिक्षिकेची जागा वर्षानुवर्षं रिकामी असल्यामुळे धाकट्या बाई अशा कुणी नव्हत्याच. तरी गाव त्यांना मोठ्या बाईच म्हणे. त्या फळ्यापाशी फारशा उभ्या राहत नसत. एखाद्या मुलाच्या हातात खडू द्यायच्या, स्वतः मागच्या बाकावर बसायच्या आणि तिथून शिकवायच्या. "अक्षर मोठं काढ. मागच्याले दिसून राह्यलं का?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याचा हिशेब माझ्याकडेही नाही. एरवी वर्गात त्यांचा शुद्ध मराठीचा आग्रह असे, पण हे वाक्य मात्र त्या कायम आपल्या बोलीतच म्हणत.

माझी त्यांची खरी ओळख त्याच बाकावर झाली. वडील भाजी पिकवायचे. सकाळी मेथीच्या जुड्या बांधून मग मी शाळेत उशिरा पोचे आणि मागे बसे. माझी सगळी गणितं चुकायची. एक दिवस बाई शेजारी बसून बराच वेळ माझी वही पाहत राहिल्या. म्हणाल्या, "गंगाधरा, तुही बेरीज बरोबर हाय. आकडेच चुकीचे उतरवले तू. तीनाचा आठ केला." मग फळ्याकडे बोट दाखवून एकेक अक्षर वाचायला लावलं. मला फळा दिसत होता. फळ्यावरचं काही दिसत नव्हतं. वडिलांना विचारत न बसता त्यांनी मला बसमध्ये घातलं आणि आदिलाबादहून चष्मा करून आणला.

वडील भडकले. "बाई, माह्या पोराले काऊन आंधळं ठरवून राह्यल्या?"

"ठरवलं नाई, भाऊ. तुमच्या पोरानं लपवलं होतं, ते म्या पाह्यलं."

पुढे मी आदिलाबादजवळ मावल्यात किराणा दुकान टाकलं, लग्न ठरलं. लग्नाला बाई आल्या, आणि सगळे फोटो काढायला समोर येत असताना या कुठेच दिसेनात. जेवणं चालू झाल्यावर निरोप आला: "नवरदेवाले सांगा, शेवटच्या पंगतीत वरणाचं पाणी झालं." मुंडावळ्या कपाळावर तशाच ठेवून मी आचाऱ्याकडे गेलो. माझे सासरे त्यांना त्या दिवसापासून इन्स्पेक्टरीण म्हणू लागले. बाईंना ते नाव आवडलं होतं असं मला वाटतं.

शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टर घेऊन द्यायचं ठरवलं तेव्हा वर्गणी माझ्याकडे जमा होती. आदिलाबादच्या दुकानात दोन यंत्रं होती. एक तारेचं, स्वस्त. दुसऱ्याला लॅपटॉप बिनतारी जोडता यायचा. मी स्वस्ताकडे बोट दाखवलं. बाईंनी विचारलं, "याची तार केवढी?" दुकानदारानं काढून दाखवली, फार तर दोन हात.

"म्हणजे मले मशीनपाशीच बसा लागन. नको."

दुकानदार खूश झाला. "मैडम, दूसरे में तार का झंझट ही नहीं. पीछे बैठके चलाइए."

"पीछे म्हणजे किती पीछे?" असं म्हणून बाईंनी लॅपटॉप उचलला, रस्ता ओलांडला आणि समोरच्या चपलांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसल्या. तिथून दुकानातल्या भिंतीवर चित्र आलं, तेव्हाच मला पैसे मोजायची परवानगी मिळाली. बत्तीस हजार.

जोडणी त्या स्वतः शिकल्या. यंत्र बिनतारीवर ठेवलं की भिंतीवर त्याचं नाव उमटतं. लॅपटॉपवर जवळच्या यंत्रांची यादी उघडायची, त्यातलं ते नाव निवडायचं, की लॅपटॉपवर असेल ते भिंतीवर येतं. कंपनीनं दिलेलं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. बाईंनी ते पुसून इंग्रजी अक्षरांत 'मागचा बाक' असं नाव घातलं. पहिल्याच आठवड्यात फुलपाखराचा धडा चालू असताना भिंतीवर एकाएकी कुणाच्या तरी हळदीतला नाच सुरू झाला. शेजारच्या घरातल्या कुणीतरी आपला मोबाइल टीव्हीऐवजी आमच्या भिंतीला जोडला होता. मुलं बाकांवर चढून नाचली. बाईंनी नाच संपू दिला. "मागच्यायले दिसला ना? मंग बसा आता." आणि त्याच दुपारी त्यांनी यंत्राची मांडणी बदलली. आता जोडताना भिंतीवर प्रत्येक वेळी एक नवा आकडा उमटे. तो वाचून लॅपटॉपवर टाकला तरच आत प्रवेश.

त्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत जिल्ह्याचे लोक मुलं मोजायला आले. पटावर सत्तेचाळीस होती, वर्गात सापडली एकोणीस. बाकीची आईबापांबरोबर वेचणीला गेली होती, दरवर्षी जातात. शेरा पडला: पट फुगवलेला आहे, मराठी वर्ग बंद करून मुलं रस्त्यावरच्या तेलुगू शाळेत घालावीत. बाईंनी दरख्वास्त केली. मोठे साहेब स्वतः यायला तयार झाले. पालकांसमोर ऐकून घेतो म्हणाले.

मधल्या दिवसांत बाई शेतोशेत हिंडल्या. न सापडलेल्या अठ्ठावीस मुलांचे त्यांनी फोटो काढले. कमरेला कापसाची ओटी आणि हातात पुस्तक. प्रत्येक फोटोखाली नाव, कुणाच्या शेतावर आहे, आणि कोणत्या महिन्यात वर्गात परत येतं ते. मला दुकानात आणून दाखवलं. बेरीज मी दोनदा तपासली.

"आकड्यावर साहेबाचा इश्वास नाई ना, नसू दे," बाई म्हणाल्या. "पोरायच्या तोंडावर तर बसन."

ठरल्या दिवशी त्यांनी सकाळीच यंत्र मधल्या स्टुलावर मांडलं, चालवून पाहिलं आणि लॅपटॉप घेऊन शेवटच्या बाकावर, आयांच्या मधे जाऊन बसल्या. समोर सोफे होते. ते शाळा समितीच्या अध्यक्षांनी पाठवलेले. अध्यक्ष बियाण्यांचे व्यापारी. यंत्र चार महिने चालू होतं, पण त्याचं उद्घाटन त्यांच्या हातून झालं नव्हतं आणि ते त्यांच्या मनात होतं. साहेब सोफ्यावर टेकले, बाईंनी यंत्र चालू केलं, तेवढ्यात अध्यक्ष ताट घेऊन उठले.

"साहेबाच्या समोर नवी मशीन चालू व्हाची, अन् पूजा नाई? असं कसं?"

नारळ फुटला. निरांजन ओवाळलं. आम्ही लोक गाडीला, मोटारपंपाला, तराजूला कुंकू लावतो. कुठल्याही यंत्राचं कपाळ कुठे असतं ते आम्हाला बरोबर सापडतं. अध्यक्षांना ते पुढच्या गोल भिंगात सापडलं. बाई मागून ओरडल्या, "भाऊ, भिंगाले नको!" तोवर ओल्या कुंकवाचं बोट टेकलं होतं.

भिंत गुलाबी झाली. लोक हसले. अध्यक्षांनी ते पुसलं, पण निरांजनाच्या तेलाच्या बोटानं. मग साहेबांसाठी आणलेल्या शालीच्या टोकानं. आता भिंतीवर नुसतं तांबडं धुकं होतं आणि त्यात कुठेतरी आकडा. बाईंनी अंदाजानं टाकला. चुकला. यंत्रानं नवा दाखवला.

"गंगाधरा, शेवटला तीन हाय का आठ?"

मी चष्मा पुसून भिंतीपाशी गेलो. जितकं जवळ जावं तितकं ते पसरत होतं. तीन म्हणालो. तेही चुकलं. तार होती, पण तारेनं जोडलं तरी भिंग तेच. बाई ओला फडका घेऊन पुढे आल्या.

"साहेब, धा मिनिटं द्या. पुसून घेतो."

"टाइम लेदु, मेडम." साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मंचेरियल जाना है. फोटो वॉट्सअप कर दीजिए."

बाई परत मागे गेल्या आणि चित्राशिवायच बोलू लागल्या. एकेका मुलाचं नाव, शेत, महिना. अठ्ठावीस नावं, न अडखळता. आया माना वळवून त्यांच्याकडे पाहत होत्या. सोफ्यांच्या उंच पाठींवरून साहेबांचं नुसतं टक्कल दिसत होतं. ते एकदाही वळलं नाही. सतराव्या का अठराव्या नावाला अध्यक्ष म्हणाले, "बाई, राहू द्या आता," आणि सत्कार सुरू केला. शाल, नारळ, भाषण, फोटो. पुसायला दहा मिनिटं नव्हती. सत्काराला पंचवीस गेली. मी घड्याळ लावून पाहिली.

जूनमध्ये आदेश आला. तो आधीच ठरलेला असेल. मला ठाऊक नाही आणि ठाऊक नसलेलं मी लिहीत नाही. सत्तेचाळीसांपैकी एकवीस मुलं तेलुगू शाळेत गेली. उरलेली सव्वीस कोणत्या शेतावर आहेत आणि कोणत्या महिन्यात परत येतात, हे सांगू शकणारं माणूस आमच्याकडे एकच होतं. त्याची बदली मंचेरियलकडे झाली. यंत्र तेलुगू शाळेच्या कपाटात गेलं. गावानं दोन दिवस हळहळ केली. अध्यक्ष पुन्हा अध्यक्ष झाले; मत द्यायला मी गेलो नाही, पण त्यामुळे काही फरक पडला असं नाही.

बाई निवृत्त होऊन परत आल्या त्या आजारी होऊनच. आदिलाबादच्या दवाखान्यात भेटायला गेलो तर वॉर्डातली अगदी शेवटची, संडासाजवळची खाट त्यांनी मागून घेतलेली. नर्स माझ्याकडे तक्रार करत होती. मी जवळ बसलो आणि म्हणालो, "बाई, त्या दिवशी अध्यक्षानं कुंकू नसतं लावलं तर..."

"कुंकवाले काऊन दोष देतं?" आवाज बारीक झाला होता, पण धार तीच. "माहा आवाज तर चालू होता ना? मान वळवाले बी का आकडा लागते?"

मग उशीखालचा मोबाइल काढून त्यांनी मला साहेबांना पाठवलेले फोटो दाखवले. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. एकाही फोटोखाली पाहिल्याची निळी खूण नव्हती. "पाहीन कधीतरी," त्या म्हणाल्या आणि मोबाइल परत उशीखाली ठेवला. तीन आठवड्यांनी त्या गेल्या.

शोकसभेला तेच यंत्र कपाटातून काढून आणलं होतं. भिंग स्वच्छ, चित्र लख्ख. तेच सोफे, तेच अध्यक्ष. फोटोवाल्यानं बाईंचे फोटो एकामागून एक लावले. सोफ्यावर माझ्या नावाची चिठ्ठी होती. मी सतरंजीवर जाऊन बसलो. खिडक्या उघड्या, दुपारचं ऊन थेट भिंतीवर, पुढे डोकी आणि सोफ्यांच्या पाठी. शेजारी एक बाई होती. तिची मुलगी लक्ष्मी त्या अठ्ठावीस फोटोंमधली.

"भाऊ, बाईचा फोटू दिसून राह्यला का तुमाले?"

"नाही."

ती उठून उभी राहिली. पुढून अध्यक्षांचा आवाज आला, "ओ मावशी, खाली बसा. मागच्यायले दिसत नाई!"

तिच्या मागे भिंत होती. ती खाली बसली.

सभा संपल्यावर पैसे द्यायला मी फोटोवाल्याकडे गेलो. तो लॅपटॉप बंद करत होता. "काका, चांगलं दिसलं ना?"

"समोर बसलेल्यांना विचार."

त्याला ते लागलं नाही. "अन् काका, या मशीनचं नाव कायतरी भलतंच होतं. अध्यक्ष म्हणे बदलून टाक. आता 'मंच' ठेवलं."

मी अठराशे रुपये मोजून फोटोवाल्याच्या हातावर ठेवले. नाव बदलल्याचे त्यानं वेगळे लावले नाहीत.