काळा, लाल आणि आत्या

जगातल्या झाडून सगळ्या रंगांशी एकाच वेळी भांडण मांडलेली एकच बाई मला ठाऊक आहे आणि दुर्दैवाने ती माझी सख्खी आत्या आहे. अलिबागला आमचं चार पानांचं सायंदैनिक निघायचं. यंत्र जुनं, शाया दोनच: काळी आणि लाल. चित्रकलेची शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली आत्या "घरी बसून गंजले रे" म्हणत एके सकाळी कचेरीत आली आणि इंटरनेटवरून येणारी रंगीबेरंगी चित्रं आमच्या दोन शायांत बसवायचं काम तिने परस्पर स्वतःकडे घेतलं. मी संपादक होतो. म्हणजे दारावरच्या पाटीपुरता होतो.

खरं तर संगणकावर एक बटण दाबलं की रंगीत चित्र काळं-पांढरं होतं. पण आत्याच्या लेखी ते बटण म्हणजे पाप. "बटणाने रंग जात नाहीत, त्यांचा चिखल होतो," असं म्हणून ती प्रत्येक चित्र मुळापासून नव्याने काढायला बसायची. नागावच्या एका रिसॉर्टवाल्याने आपल्या वेबसाइटवरचं चित्र जाहिरातीला पाठवलं: निळा समुद्र, केशरी आभाळ, हिरवे माड. आत्याने आभाळ पुसलं, माड दोन रेघांत उरकले आणि मधोमध तेवढा लाल सूर्य ठेवला. रिसॉर्टवाला अंक नाचवत आला. "बाई, आमचा समुद्र कुठाय?" "कोरा कागद दिसतोय ना, तोच." "आणि आभाळ?" "तेही तेच." मी त्याला दोनदा चहा पाजला. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या जाहिरातींत तर ती कडेचे कार्यकर्ते सरळ कापायची. इतके बारीक चेहरे छापले तर डाळीचे वडे दिसतात म्हणे. त्या सगळ्या वड्यांचे फोन मात्र मला यायचे. लग्नालाही तिला न्यायची सोय नव्हती. नवरीचा हिरवा शालू बघून ती भर पंगतीत म्हणायची, "छापला तर काळाच येईल."

एकदा मात्र प्रकरण हातघाईवर आलं. वादळाचा इशारा होता. हवामानाचा नकाशा इंटरनेटवर हिरव्या, पिवळ्या, केशरी पट्ट्यांनी सजला होता आणि आमचा किनारा केशरीत होता. पान छपाईला सोडणार, तोच आत्याने ते हातातून ओढून घेतलं. "अरे, हिरवा आणि केशरी सारखेच करडे आलेत. धोका कुठाय आणि कुठे नाही, कोणाला कळणार?"

"आत्या, खाली मजकूर आहे ना! लोक वाचतील."

"लोक आधी चित्र बघतात."

ती नकाशा नव्याने काढायला बसली. पिवळ्याला ठिपके, हिरव्याला कोरा कागद आणि धोक्याच्या किनाऱ्याला भरगच्च लाल. खाली अंक नेणारा जीपवाला हॉर्न वाजवून ओरडत होता, "सायब, पेपर हाय का न्हाय? आगरदांड्याची फेरी चुकंल!" मी आत्यावर आवाज चढवला. तिने मान वर केली नाही. फेरी चुकली. खाडीपलीकडे दिघीला अंक पुढच्या फेरीबोटीने, दिवेलागणीला पोचले.

पहाटे वारं सुटलं. सकाळी दिघीहून एका बोटमालकाचा फोन आला. "संपादकसाब, नकशा झकास! लाल बघितला आणि बोटी बांधून ठेवल्या. पण पेपर एवढा उशिरा? माझ्या भावाची बोट सुटली होती. धक्क्यावरून बोंबलून परत बोलावली. अल्लाची मेहेर!"

फोन ठेवून मी तडक आत्याच्या टेबलाशी गेलो. आत्याला जसंच्या तसं सांगितलं, म्हटलं, आता तरी वरमेल. ती पेन्सिलीला टोक करत होती. टोकावर फुंकर मारली आणि म्हणाली, "म्हणजे नकाशा कळला ना त्यांना?" अशा बाईपुढे माणसाने करायचं काय?

आता आमचा अंक पनवेलला चार रंगांत छापला जातो. जुनं यंत्र भंगारात गेलं. आत्याने कचेरीत येणं सोडलं. बोलावलं तरी येत नाही. परवा अंक घेऊन मीच तिच्याकडे गेलो. तिने पानं उलटली, "छान येतात रे आता रंग," म्हणाली आणि घडी घालून बाजूला ठेवला. मला राहवेना. दागिन्यांच्या दुकानाची भलीमोठी जाहिरात मीच उघडून तिच्यापुढे धरली. "बघ की, किती भडक आहे. अक्षरं तरी वाचता येतात का?"

"असू दे रे," आत्या म्हणाली. "लोकांना आवडतं." आणि चहा टाकायला उठली. मी अंक तसाच उघडा धरून किती तरी वेळ बसून राहिलो. वाटलं, परत येईल आणि दोन शिव्या तरी घालेल.